होडीत बोलायचं नाही

ज्या रविवारी थोरल्याने पहिल्यांदा ओठांवर बोट ठेवून धाकट्याला गप्प केलं, त्या रविवारी धाकट्याच्या शर्टाच्या खिशात डॉक्टरांचा कागद होता. चार घड्या घातलेला. घशात गाठ आहे, एवढं कागदावर होतं. बाकीचं डॉक्टरांनी तोंडी सांगितलं होतं : आत्ताच्या आत्ता किरणांचे शेक घेतले तर आवाज वाचेल, उशीर केला तर सगळं स्वरयंत्रच काढावं लागेल, मग जीव राहील पण आवाज जाईल. थोरल्याला हे कळलं फार नंतर. कळलं तेव्हा काही उपयोग नव्हता, म्हणून ते आधीच सांगून टाकलेलं बरं.

धाकटा बसमध्ये कंडक्टर. सगळं पोटपाणी आवाजावर. "पुढे सरका, पुढे सरका, मागे काय सासर आहे का?" असं तो ओरडला की चिडलेली माणसंसुद्धा हसत हसत सरकायची. घरात त्याला रेडिओ म्हणत. सकाळी डोळे उघडले की सुरू, रात्री झोप लागली की बंद. थोरला नेमका उलटा. जळालेल्या मोटरी उघडून त्यांत नवीन तांब्याची तार भरायची, हे त्याचं काम. वेढे मोजत बसणाऱ्या माणसाला बोलता येत नाही, बोललं की आकडा चुकतो. पंचवीस वर्षं आकडा चुकू नये म्हणून गप्प बसलेला माणूस तो. पुढे पुढे गप्प बसण्याची त्याला इतकी सवय झाली की बायकोला चहा हवा असं सांगायचं तरी तो रिकामा कप दाखवायचा.

दोघांची मिळून एक पत्र्याची होडी होती. दर रविवारी उजाडायच्या सुमारास दोघं तलावावर जायचे. तलावात बास जातीचे मासे होते, हिरवट पाठीचे, मोठ्या तोंडाचे. काठाजवळ लव्हाळी माजलेली, तिथं पाणी कमरेएवढं. त्या उथळ पाण्यात वीतभर बास खच्चून भरलेले असत. गळाला गांडूळ लावायचं, दोरीला बूच बांधायचं, बूच बुडालं की ओढायचं. दुपारपर्यंत बादली भरायची. वीसही होत, पंचवीसही होत. दोन्ही घरी तळायचे, शेजारी वाटायचे, वास जिन्यात दोन दिवस.

आणि या सगळ्या वेळात रेडिओ चालू. बसमध्ये कोण बाई कोंबडं घेऊन चढली आणि अर्ध्या तिकिटावरून कशी भांडली, कोणत्या ड्रायव्हरची मिशी आरशापेक्षा मोठी आहे, असलं काहीबाही. थोरला "हं" म्हणायचा. पण त्याला एक ठाऊक होतं. धाकट्याला महत्त्वाची गोष्ट सरळ सांगता येत नाही. तो आधी दहा फालतू गोष्टी सांगतो, त्यांच्या आडून हळूहळू पुढे सरकतो आणि तिसऱ्या तासाला, बादली अर्धी झाली की, बुचावर नजर ठेवूनच म्हणतो, "दादा, एक विचारू?" या मुलीशी लग्न करू का, हे त्याने असंच विचारलं होतं. आईला शेवटच्या दिवसांत कुणाच्या घरी ठेवायचं, हेही तिथंच ठरलं. मूल होणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, तेही त्याने लव्हाळ्यातच सांगितलं. त्या वेळी थोरला म्हणाला होता, "बरं. मासा लागलाय बघ तुझ्या गळाला." धाकट्याला तेवढं पुरलं होतं.

मग एका रविवारी धक्क्यावर त्यांना तो पेन्शनर दिसला.

पेन्शनर म्हणजे पोस्टातून निवृत्त झालेला एक काटकुळा माणूस. त्याने हातभर लांब बास धरला होता. हातभर म्हणजे खरंच हातभर, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत. भोवती माणसं जमली होती. कुणी फोटो काढत होतं, कुणी माशाच्या तोंडात मूठ घालून बघत होतं. थोरल्याच्या हातात बादली होती. एकाने वाकून बादलीत पाहिलं आणि म्हणाला, "अरे वा, तुम्ही पिल्लं धरता वाटतं." सगळे हसले. धाकटाही हसला, म्हणाला, "हो ना, पाळणाघर आहे आमचं."

थोरला हसला नाही.

ते शब्द त्याला कुठे जाऊन लागले, हे समजायला त्याचं वर्कशॉप बघायला हवं. तिथं पंख्याच्या मोटरी, मिक्सरच्या मोटरी, घरगुती पंपाच्या मोटरी त्याच्या टेबलावर यायच्या. कारखान्याची मोठी मोटर आली, जी चौघांनी उचलावी लागते, की ती जायची मालकाच्या भाच्याकडे. भाच्याला वेढे धड मोजता येत नव्हते. त्याने जाळलेल्या दोन मोटरी थोरल्यानेच आतल्या आत दुरुस्त केल्या होत्या, आणि त्याबद्दल कुणी साधं "बरं झालं" म्हटलं नव्हतं. पंचवीस वर्षं लहान मोटरी, लहान खोल्या, लहान मासे. जगात काही माणसांना लहान कामं द्यायची आणि वर ती लहान आहेत म्हणून हसायचं, ही पद्धतच आहे. थोरल्याला त्या दिवशी वाटलं, आयुष्यात एकदा, एकदाच, काहीतरी मोठं आपल्या हातात यावं आणि लोकांनी बघावं.

तो पेन्शनरकडे गेला. पेन्शनरने हातचं न राखता सगळं सांगितलं. लव्हाळी सोडा, तिथं लहानच लागणार. तलावाच्या मधोमध जुना रस्ता बुडालेला आहे, त्याच्या कडेला पाणी एकदम खोल होतं, मोठा मासा तिथं असतो. गांडूळ नको, हातभर माशाला वीतभर घास लागतो. दिवसभरात एक ओढ लागली तरी नशीब समजा, एकही लागणार नाही असे रविवार जास्त. आणि होडीच्या तळाला पोती अंथरा, पत्र्यावर टाच आपटली की मोठा मासा पळालाच म्हणून समजा.

पोत्यांचा नियम पेन्शनरचा. बोलायचं नाही, हा नियम थोरल्याने स्वतः जोडला. टाच आपटून मासा पळतो तर बोलण्याने का पळणार नाही? असा त्याचा हिशोब. आणि खरं सांगायचं तर इतक्या वर्षांच्या बडबडीनेच आपल्या वाट्याला पिल्लं आली, असंही त्याला मनात कुठेतरी वाटून गेलं. माणसाला राग एकाचा येतो आणि निघतो तो जवळ बसलेल्यावर.

त्याने आमिष म्हणून मोडक्या खुर्चीच्या पायाचा एक वीतभर लाकडी मासा कोरला. वर्कशॉपमधलं वार्निश तीनदा लावलं, पोटाला दोन तिहेरी गळ अडकवले. आणि पहिल्या रविवारी, होडी खोल पाण्यात आल्यावर, धाकट्याने तोंड उघडलं.

"दादा, परवा काय झालं माहितीये? एक म्हातारा..."

थोरल्याने ओठांवर बोट ठेवलं. "शू."

"अरे म्हातारा काय म्हणतो..."

"होडीत बोलायचं नाही. मोठ्या माशाला ऐकू जातं."

"मग मी काय करू?"

"पाण्याकडे बघ."

धाकटा पाण्याकडे बघत बसला. खिशातला कागद खिशात राहिला.

तुम्ही म्हणाल, मग घरी का नाही सांगितलं? थोरल्याच्या घरी दोन खोल्या, त्यात त्याची बायको, तिची आई आणि टीव्ही. वर्कशॉपमध्ये यंत्रांची घरघर. फोनवर असलं सांगायचं तर शब्द कुठून आणायचे? स्वतःच्या बायकोला सांगावं तर ती आधी रडणार, मग सगळ्या माहेराला कळवणार. डॉक्टरांचा शब्द धाकट्याने ऐकला होता, पण त्याला हवा होता दादाचा शब्द. "घे शेक, मी येतो बरोबर," एवढाच. तो शब्द मिळण्याची जागा त्याला आयुष्यभरात एकच माहीत होती, आणि तिथं आता पोती अंथरली होती.

दुसरा रविवार तसाच गेला. तिसरा गेला. मासा एकही नाही. चौथ्या रविवारी धाकटा कुजबुजला, "दादा, एक विचारू?"

थोरल्याने मान न वळवता बोट ओठांवर नेलं. "काठावर गेल्यावर विचार."

काठावर गेल्यावर थोरल्याचा चेहरा असा होता की वाटेत कुत्रंही आडवं गेलं नसतं. चार रविवार, शंभरदा लाकडी मासा फेकला आणि ओढला, साधी दोरी हलली नाही. वर लव्हाळ्यातून कुणीतरी भरलेली बादली घेऊन आलं आणि म्हणालं, "काय मास्तर, आज पण उपास?" होडी बांधता बांधता थोरला गुरगुरला, "काय विचारत होतास?"

"काही नाही रे," धाकटा म्हणाला. "पुढच्या वेळी."

सहाव्या रविवारी धाकट्याचा आवाज असा झाला होता की गंजलेल्या बिजागरीची आठवण व्हावी. गर्दीत ओरडून बसलाय, असं सगळे म्हणत. होडीत चढताना त्याने "आज वारा आहे" एवढंच म्हटलं आणि ते निम्मं हवेतच विरलं. थोरला खूश होऊन म्हणाला, "बरं झालं बसला तुझा आवाज. आता शोभतोस होडीत."

धाकटा हसला. आवाज आला नाही, नुसते खांदे हलले.

आठव्या रविवारी तो वेगळाच बसला होता. गळ पाण्यात टाकलाच नव्हता. थोरला जुन्या रस्त्याच्या कडेला लाकडी मासा सावकाश ओढत होता, एक वेढा, थांबायचं, अर्धा वेढा, थांबायचं. धाकट्याने खिशातून कागद काढला. घड्या उलगडल्या. घड्यांवर कागद पांढरा पडला होता. काही न बोलता, नियम न मोडता, त्याने तो दादापुढे धरला.

थोरल्याने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. कसला तरी कागद. त्याने मान हलवली, म्हणजे आत्ता नको, आणि त्याच क्षणी गळाची काठी कमानीसारखी वाकली.

"जाळी!" थोरला ओरडला. आठ रविवारांत त्या होडीत कुणी इतक्या मोठ्याने ओरडलं नव्हतं. "जाळी दे, जाळी! अरे बघतोस काय!"

धाकट्याने कागद टाकला आणि जाळी घेतली. मासा दोनदा खाली गेला, एकदा होडीखालून पलीकडे गेला, थोरल्याची बोटं दोरीने कापली. शेवटी धाकट्याने पाण्यात खांद्यापर्यंत हात घालून जाळी खालून लावली आणि दोघांनी मिळून तो आत घेतला. हातभरापेक्षा जास्त. पोट अंड्यांनी फुगलेलं. पोत्यावर पडून तो तोंड उघडत होता, मिटत होता, उघडत होता, आणि अर्थातच आवाज नव्हता.

धक्क्यावर फोटो निघाला. थोरल्याने डोक्याकडून मासा धरला आहे, धाकट्याने शेपटीकडून. थोरला दात दाखवून हसतो आहे. धाकट्याचं तोंड मिटलेलं आहे.

मासा कुठल्याच कढईत मावला नाही. तुकडे केले तर मांस चिवट निघालं. शेजारी बघायला आले, खायला कुणी थांबलं नाही. सोमवारी थोरल्याने फोटो वर्कशॉपमध्ये नेला. मालक म्हणाला, "हा तू धरलास? वा, वा!" आणि फोटो परत देता देता भाच्याला म्हणाला, "ती पिठाच्या गिरणीची मोठी मोटर आलीय बाहेर, घे तेवढी उघडायला."

शनिवारी थोरला होडीतली पोती धुवायला गेला. एका पोत्याच्या खाली कागद चिकटला होता. माशाच्या खवल्यांनी, चिकट पाण्याने भिजलेला. त्याने तो सोलून काढला, उन्हात धरला. बरीचशी शाई पसरली होती. पण दवाखान्याचा शिक्का वाचता आला, धाकट्याचं नाव वाचता आलं, "गाठ" हा शब्द वाचता आला. आणि तारीख. तारीख दोन महिन्यांपूर्वीची होती.

वेढे मोजण्यात आयुष्य गेलेला माणूस. रविवार मोजायला त्याला वेळ लागला नाही.

पोती तशीच टाकून तो धाकट्याच्या घरी गेला. धाकटा ड्यूटीवर होता. त्याच्या बायकोने दार उघडलं. "भाऊजी? या वेळी? आणि हे हातात काय?" तिने कागद घेतला, वाचला, पुन्हा वाचला. ती रडेल असं थोरल्याला वाटलं होतं. ती रडली नाही.

"मला म्हणाला, ओरडून घसा बसलाय," ती म्हणाली. "मी हळद-पाणी देत होते रोज. हळद-पाणी! भाऊजी, मला नाही सांगितलं, ठीक आहे. मला तो कधीच आधी सांगत नाही, आधी तुम्हाला सांगतो. लग्नाआधीपासून तेच आहे. आठ रविवार तुमच्याजवळ होता ना तो? हाताच्या अंतरावर? सकाळपासून दुपारपर्यंत?"

"होता."

"मग काय करत होता तुम्ही दोघं?"

थोरल्याला "मासे धरत होतो" असंही म्हणता येईना. मासे नव्हतेच. एकच होता.

धाकटा संध्याकाळी आला, तिकिटांची पेटी खांद्याला तशीच. दोघांची तोंडं आणि टेबलावरचा कागद बघून त्याला सगळं कळलं. थोरला म्हणाला, "अरे, सांगायचं नाहीस का? माझी कॉलर धरून सांगायचं!"

धाकट्याने उरल्यासुरल्या आवाजात उत्तर दिलं. टोमणा नव्हता त्यात, तेच वाईट होतं. "होडीत बोलायचं नव्हतं ना, दादा."

डॉक्टरांनी कागद, मग घसा, मग दोघा भावांचे चेहरे पाहिले. शेकाची वेळ गेली, म्हणाले. आता काढावंच लागेल. दोन महिने काय करत होतात, हे त्यांनीही विचारलं. हा प्रश्न सगळ्यांनाच सुचत होता.

ऑपरेशनच्या सकाळी स्ट्रेचर ढकलणारा माणूस आला. धाकट्याने त्याला जवळ बोलावलं. थोरलाही वाकला. घरघरत, एकेक अक्षर ओढत धाकटा म्हणाला, "एक फुल तिकीट, ऑपरेशन थिएटर. परतीचं पण आत्ताच फाडा." स्ट्रेचरवाला हसला. धाकट्याची बायको हसता हसता भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. दार बंद झालं. त्या आवाजातलं तेवढंच शेवटचं.

तो परत आला. गळ्याच्या खळग्यात एक भोक, त्यावर जाळीचं कापड. श्वास तिथून. डेपोने त्याला बसवरून काढून तिकिटांच्या कोठारात बसवलं, जिथं बोलायला कुणीच नव्हतं. खिशात तो जुनी रद्द तिकिटं ठेवी आणि त्यांच्या पाठीवर बारीक अक्षरांत लिहून दाखवी. पण लिहिताना तो फक्त कामाचं लिही. मीठ. उद्या सुट्टी. पंखा बंद कर. कोंबडंवाली बाई तिकिटाच्या पाठीवर मावत नव्हती.

मध्ये एकदा थोरल्याला धक्क्यावर पेन्शनर भेटला. त्याने त्या मोठ्या माशाबद्दल शाबासकी दिली. थोरल्याने विचारलं, "एक सांगा. होडीत बोललेलं माशांना ऐकू जातं?"

"छे हो," पेन्शनर म्हणाला. "आपलं बोलणं वरच्या वर राहतं, पाण्यात काय शिरतंय! पत्र्यावर पाय आपटला तर जातं. मी तर मोठमोठ्याने गाणी म्हणत बसतो. एकट्याचा वेळ कसा जाणार?"

 थोरल्याने होडीत जाऊन पोती काढली आणि एकेक करून कचऱ्यात टाकली. लाकडी माशाचं काय करावं, हे त्याला सुचेना. तो त्याने वर्कशॉपच्या खणात, जळक्या तारांच्या खाली ढकलून दिला.

धाकटा होडीत यायला तयार नव्हता. तीनदा त्याने नुसती मान हलवली. चौथ्यांदा थोरला गांडुळांचा डबा घेऊनच दारात उभा राहिला. "लव्हाळ्यात जाऊ," तो म्हणाला. "पिल्लं धरायला." धाकट्याने बायकोकडे पाहिलं. तिने त्याच्या गळ्याला रुमाल बांधून दिला, पाण्याचा थेंब आत जाऊ नये म्हणून. थोरल्याकडे ती बघत नव्हती. अजूनही बघत नाही.

लव्हाळ्यात पाणी तसंच होतं, कमरेएवढं. दोघांनी गळ टाकले. बुचं हलत राहिली. आणि मग थोरल्याने घसा खाकरला आणि बोलायला लागला. आयुष्यात ज्याने कधी चार वाक्यं एका दमात बोलली नाहीत, तो बोलायला लागला.

"ती बाई होती बघ... कोंबडंवाली. ती चढली. म्हणजे, मागच्या दाराने चढली. तिच्याकडे दोन कोंबडी..."

धाकट्याने टाच पत्र्यावर आपटली. धप्प.

थोरला दचकला. "काय? एकच कोंबडं होतं?"

धाकट्याने मान हलवली, हो.

"बरं, एक. तर तू तिला म्हणालास, कोंबड्याचं पूर्ण तिकीट..."

धप्प.

"अर्धं तिकीट. मग ती म्हणाली..." थोरल्याला पुढचं आठवेना. इतक्या वर्षांत ही गोष्ट त्याने वीसदा ऐकली होती आणि बाई काय म्हणाली तेच त्याच्या कानात शिरलं नव्हतं. ज्यावर सगळी बस हसली होती ते वाक्य आता दोघांपैकी फक्त एकाकडे होतं. धाकटा वाट बघत होता. मग त्याने खिशात हात घालून तिकीट चाचपलं, पण बाहेर काढलं नाही. लिहिलं असतं तर ते मेलंच असतं.

बुचं हलत राहिली. तिसरा तास झाला असेल. बादली अर्धी झाली होती.

"एक सांगू?" थोरला बुचाकडे बघतच म्हणाला. "त्या रविवारी, पहिल्याच रविवारी, मी जर तुला... मी तुला बोलू दिलं असतं तर..."

धाकट्याने हात वर केला. आणि बोट स्वतःच्या ओठांवर ठेवलं.

नेमकं तसंच, जसं थोरला आठ रविवार ठेवत होता. थोरल्याने त्याच्या डोळ्यांत बघितलं. तिथं राग आहे का माया, काही थांग लागेना. आणि विचारायची सोय नव्हती.

धाकट्याने तेच बोट ओठांवरून काढून पाण्याकडे केलं. थोरल्याचं बूच बुडालं होतं. त्याने ओढलं. वीतभर बास, हिरवट, तडफडणारा. त्याने तो गळावरून सोडवला, बादलीत टाकला, नवीन गांडूळ लावलं आणि गप्प बसला.